मॅक्वारी बेटावरचे शेवटचे तेरा ससे

साधूच्या लंगोटीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. गावाबाहेर राहणाऱ्या साधूची वाळत घातलेली लंगोटी उंदीर कुरतडतात, म्हणून तो मांजर पाळतो. मांजराला दूध हवं म्हणून गाय येते, गाईला चारा हवा म्हणून शेत येतं, शेत कसायला माणसं येतात आणि बघता बघता साधूचा संसार थाटला जातो. गोष्ट सांगणारा तिथेच थांबतो. पुढचा प्रश्न तो विचारत नाही, कारण त्याचं उत्तर अवघड आहे. साधूला पुन्हा आपलं एका लंगोटीचं आयुष्य हवं असेल, तर त्याने आधी काय सोडायचं? मांजर सोडलं तर उंदीर माजतात. गाय सोडली तर मांजर भुकेलं राहतं आणि शेजारच्यांची कोंबडी पळवतं.

हा प्रश्न मॅक्वारी नावाच्या एका बेटावर खरोखरच उभा राहिला. माणसांनी तिथे एकेक करून मांजरं, उंदीर, ससे नेले. मग एकेक करून काढायला गेले, आणि मधल्या काळात बेटाची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. शेवटी कसं जमलं ते सांगण्याआधी ही जागा कशी आहे ते पाहू.

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया शोधा. तिथून आग्नेयेला सुमारे दीड हजार किलोमीटर समुद्रात गेलं, की मॅक्वारी लागतं. अंटार्क्टिकाही तिथून साधारण तितकाच दूर. म्हणजे अंटार्क्टिका हे घर धरलं, तर हा त्याचा उंबरठा. अशा उंबरठ्यावरच्या बेटांना उपअंटार्क्टिक बेटं म्हणतात. साउथ जॉर्जिया, केर्गेलेन, क्रोझे, मॅरियन, हर्ड, कॅम्पबेल ही त्यातली आणखी काही. पृथ्वीच्या या पट्ट्यात जमीन जवळपास नाहीच. त्यामुळे पश्चिमेचा वारा पृथ्वीला प्रदक्षिणा घालत सुटतो आणि त्याला अडवायला कुणी नसतं. जुने दर्यावर्दी पन्नास ते साठ अक्षांशांमधल्या या पट्ट्याला ‘खवळलेले पन्नास’ अशा अर्थाचं नाव देऊन मोकळे झाले होते.

बेट ३४ किलोमीटर लांब आहे, म्हणजे चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत. रुंदी मात्र जास्तीत जास्त साडेपाच किलोमीटर. महिन्याचं सरासरी तापमान वर्षभर तीन ते सात अंशांच्या आसपास राहतं. उन्हाळा आणि हिवाळा यांतला फरक आपल्याला कळणारही नाही. पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पडतो, पण तो वर्षातले तीनशेहून जास्त दिवस पडतो. सतत झिमझिम, सतत ढग, सतत वारा. झाड एकही नाही. उंच, झुबकेदार गवत, मऊ उशीसारखी जमिनीलगत पसरणारी वनस्पती, आणि हाताच्या पंजापेक्षा मोठ्या पानांची एक भाजी, जिला तिकडे ‘मॅक्वारी कोबी’ म्हणतात. जुने खलाशी हा कोबी खाऊन स्कर्व्हीपासून बचाव करत. चवीबद्दल कुणी फारसं चांगलं लिहिलेलं नाही.

हे बेट बनलं कसं, हेही विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियन आणि पॅसिफिक हे पृथ्वीच्या कवचाचे दोन तुकडे इथे एकमेकांना रेटतात. त्या दाबामुळे समुद्राच्या तळाखालचा खडक, अगदी तळाच्या सहा किलोमीटर खालचा प्रावरणाचा खडकसुद्धा, टूथपेस्टसारखा वर ढकलला गेला. आख्खं बेट अशा खडकाचं, आणि वर येणं अजून चालू, असं जगात दुसरं ठिकाण नाही. १९९७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती मुख्यतः याच कारणाने. (२३ डिसेंबर २००४ रोजी मॅक्वारीच्या उत्तरेला ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तीनच दिवसांनी सुमात्राची त्सुनामी आली आणि त्या गदारोळात मॅक्वारीचा भूकंप सगळे विसरले.)

बेट समुद्रातून वर आलं त्याला भूगर्भाच्या हिशेबात फार काळ झालेला नाही, सहा-सात लाख वर्षं. ते कधीही कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. त्यामुळे तिथे जे काही पोचलं ते उडत, पोहत, वाऱ्यावर नाहीतर पक्ष्याच्या पायाला चिकटून. उंदीर, मांजर, ससा, कोल्हा, मुंगूस यांतलं कुणीही तिथे येऊ शकलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता प्रश्न असा, की इतक्या उजाड, थंड जागी लाखो पक्षी का येतात? कारण समुद्र श्रीमंत आहे आणि जमीन दुर्मीळ. अंटार्क्टिकाचं थंड पाणी आणि उत्तरेचं त्यामानाने उबदार पाणी जिथे भेटतं, त्या पट्ट्यात मासे, माकूळ आणि कोळंबीसारखे जीव मुबलक असतात. जेवण समुद्रात कितीही मिळेल, पण अंडं पाण्यावर घालता येत नाही. पिल्लू वाढवायला कोरडी जमीन हवीच. हजारो किलोमीटरच्या पाण्यात ती मिळते ती या चार-दोन बेटांवर. म्हणून सगळे तिथेच गर्दी करतात. मॅक्वारीवर चार जातींचे पेंग्विन आहेत. त्यातला रॉयल पेंग्विन फक्त मॅक्वारी आणि त्याच्या शेजारच्या खडकांवरच वीण घालतो, जगात इतरत्र कुठेही नाही. त्याच्या साडेआठ लाखांच्या आसपास जोड्या आहेत. किनाऱ्यावर तीन-तीन टनांचे हत्ती सील लोळत असतात. अल्बाट्रॉस या प्रचंड पंखांच्या समुद्रपक्ष्याच्या चार जाती येतात. शिवाय पेट्रेल आणि प्राइऑन नावाचे लहान समुद्रपक्षी जमिनीत बीळ खणून त्यात अंडं घालतात आणि रात्रीच्या अंधारात येजा करतात.

पक्षी बिळात अंडं घालतो तो स्कुआसारख्या शिकारी पक्ष्यांपासून वाचण्यासाठी. धोका वरून येतो, एवढंच त्याच्या लाखो वर्षांच्या अनुभवात आहे. बिळात शिरणारा, मिशा असलेला शत्रू त्याने कधी पाहिलेलाच नाही. शिवाय त्याचा पुनरुत्पादनाचा वेग फार मंद. बहुतेक पेट्रेल वर्षाला एकच अंडं घालतात. भटक्या अल्बाट्रॉसच्या पिल्लाला तर उडायला लागेपर्यंत जवळपास वर्ष जातं, म्हणून ती जोडी दोन वर्षांतून एकदाच अंडं घालते आणि पहिलं अंडं घालायला पक्षी दहाएक वर्षांचा व्हावा लागतो. समोर उंदीर: त्याची पोरं काही महिन्यांत स्वतः आईबाप होतात. या दोघांना एका बेटावर सोडलं तर काय होईल, हे सांगायला गणित लागत नाही.

तर आता संसार कसा थाटला गेला ते.

११ जुलै १८१० रोजी फ्रेडरिक हॅसलबरो नावाचा कप्तान सीलच्या शोधात भटकत असताना त्याला हे बेट दिसलं. नाव दिलं गेलं न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांचं. हे मॅक्वारी आपल्याकडचेच म्हणायला हरकत नाही: ब्रिटिश फौजेतली त्यांची बरीच वर्षं मुंबईत गेली, १७९३ मध्ये त्यांचं पहिलं लग्नही मुंबईतच झालं आणि टिपूविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या लढायांत ते होते. हॅसलबरोचं जहाज ज्या कँपबेल कंपनीचं होतं, तिची मुळंही कलकत्त्यात होती. कलकत्त्याच्या व्यापाराचं जाळं किती दूरवर पसरलं होतं, त्याचा हा एक छोटा पुरावा.

सील मारणाऱ्या टोळ्या आल्या आणि दहाएक वर्षांत फर सील संपले. सुमारे दोन लाख कातडी गेली. इतक्या झपाट्याने, की ती नक्की कोणती जात होती हे कुणी नोंदवूनही ठेवलं नाही. आजही ते ठामपणे सांगता येत नाही. मग तेलासाठी हत्ती सील. मग तेलासाठीच पेंग्विन. न्यूझीलंडच्या जोसेफ हॅच यांनी वाफेवर चालणारे मोठमोठे हंडे बेटावर बसवले आणि १९१९ पर्यंत लाखो पेंग्विन त्यांत शिजवले. अंटार्क्टिकाचे संशोधक डग्लस मॉसन यांच्यासारख्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, लोकमत तापलं आणि हॅच यांचा परवाना पुन्हा दिला गेला नाही. १९३३ साली बेट अभयारण्य झालं. किंग पेंग्विनांच्या मुख्य वसाहतीत तेव्हा काही हजार पक्षी उरले होते. आज बेटावर दीड लाखाच्या आसपास जोड्या आहेत. ते हंडे अजून तिथेच गंजत उभे आहेत आणि पेंग्विन त्यांच्या भोवताली गर्दी करून उभे असतात.

माणसाने थेट केलेली कत्तल थांबवली की निसर्ग सावरतो, असं यावरून वाटेल. पेंग्विनांच्या बाबतीत ते खरंही ठरलं. पण टोळ्या जाताना एकट्या गेल्या नाहीत, त्या काही पाहुणे मागे ठेवून गेल्या. मांजरं १८२० च्या सुमारास आली. जहाजातून लहान उंदीर आणि त्यांच्याहून मोठे काळे उंदीर उतरले. न्यूझीलंडहून वेका नावाचा, कोंबडीएवढा, न उडणारा पक्षी खायला म्हणून आणून सोडला गेला. आणि १८७० च्या दशकात ससे आले, तेही खाण्यासाठीच.

इथे एक कोडं आहे आणि मला या सगळ्या कहाणीत तेच सर्वांत शिकवणारं वाटतं. मॅक्वारीवर पूर्वी एक हिरवा पोपट होता. झाडच नसल्यामुळे तो जमिनीवर गवतात राहायचा. मांजरं आली तरी तो पुढची साठहून जास्त वर्षं टिकून होता, भरपूर होता. मग ससे आले आणि पंधरावीस वर्षांत पोपट नाहीसा झाला. ससा तर गवत खातो, पोपटाला हातही लावत नाही. मग पोपट गेला कशाने?

उत्तर मांजराच्या हिवाळ्यात आहे. ससे नव्हते तेव्हा मांजराला उन्हाळ्यात समुद्रपक्ष्यांची चंगळ असे, पण हिवाळ्यात बहुतेक पक्षी समुद्रावर निघून जात. मग उपासमार होई, बरीच मांजरं मरत आणि त्यांची संख्या कधीच फार वाढत नसे. पोपट तेवढ्या मांजरांना पुरून उरत होता. ससे आल्यावर मांजरांना बारमाही अन्न मिळालं. हिवाळा सरेपर्यंत ती धष्टपुष्ट राहू लागली, वाढली, आणि त्या वाढलेल्या संख्येने जाता जाता पोपटही फस्त केला. याच सुमारास बेटावरचा रेल नावाचा पाणकोंबडीसारखा पक्षीही संपला. म्हणजे पोपटाला मांजराने खाल्लं हे खरं, पण त्याला मारलं सशाने. शास्त्रज्ञ याला अतिभक्षण म्हणतात: एक पाहुणा दुसऱ्या पाहुण्याला पोसतो आणि भुर्दंड घरच्याला पडतो.

आता विसाव्या शतकात या. १९४८ पासून बेटावर ऑस्ट्रेलियाचं कायमचं संशोधन केंद्र आहे, त्यामुळे पुढच्या गोष्टींच्या नीट नोंदी मिळतात. १९७० च्या दशकात सशांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. १२८ चौरस किलोमीटरमध्ये दीड लाख ससे. उतारांवरचं गवत बोडकं झालं, बिळांनी जमीन भुसभुशीत झाली. उपाय म्हणून मिक्सोमा विषाणू आणायचं ठरलं. हा सशांना होणारा जीवघेणा रोग. ऑस्ट्रेलियात तो डासांमार्फत पसरतो, पण मॅक्वारीच्या थंडीवाऱ्यात डासांचं काय चालणार? म्हणून आधी १९६८ पासून सशांच्या पिसवा आणून सोडल्या. पिसवा रुळल्यावर १९७८ मध्ये विषाणू सोडला. रोग पसरवण्यासाठी आधी पिसू पाळायची! साधूची लंगोटी आठवते ना?

उपाय लागू पडला. दहा वर्षांत ससे वीस हजारांच्या खाली आले आणि गवत पुन्हा वाढू लागलं. पण मग मांजरांची थाळी रिकामी झाली आणि ती पक्ष्यांकडे वळली. मांजरं वर्षाला साठ हजार समुद्रपक्षी मारतात असा अंदाज निघाला. म्हणून १९८५ पासून मांजरांची मोहीम सुरू झाली. सापळे, बंदुका, कुत्रे. वेका पक्षी मांजरांच्या आधीच, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, संपवले गेले. जून २००० मध्ये शेवटचं मांजर मारलं गेलं. करड्या पेट्रेलसारखे पक्षी बेटावर परतून अंडी घालू लागले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो.

पण सशांवर पाळत ठेवणारं मांजर आता नव्हतं. दुसरीकडे मिक्सोमाचा जोर ओसरत होता: वाचलेल्या सशांत प्रतिकारशक्ती आली होती आणि विषाणूचं उत्पादनही बंद पडलं होतं. २००६ पर्यंत ससे पुन्हा लाखाच्या पुढे गेले. उतार पुन्हा उघडे पडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोठ्या पावसानंतर एक कडा कोसळला आणि किंग पेंग्विनांच्या वसाहतीचा काही भाग चिखलाखाली गाडला गेला. सशांनी मुळं खाऊन तो उतार सैल केला होता, असा संशय घेतला गेला.

२००९ मध्ये यावर शास्त्रज्ञांत जाहीर वाद झाला. एका गटाने उपग्रहाची चित्रं दाखवून म्हटलं, मांजरं काढल्यामुळे ससे वाढले आणि बेटाच्या एक तृतीयांशाहून जास्त भागातली वनस्पती बदलली. एका चुकीने कित्येक दशकांचं काम मातीमोल झालं. दुसरा गट म्हणाला, मांजरांचा वाटा थोडा, खरं कारण विषाणू कमी पडला हे. बाहेरून वाचताना मला दोघांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. पण वादाच्या तपशिलापेक्षा दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट मोठी आहे: एका बेटावर चार आगंतुक प्राणी एकमेकांत गुंतलेले असतील, तर त्यातला एकच धागा ओढून चालत नाही.

म्हणून पुढची योजना वेगळी होती. ससे, काळे उंदीर आणि लहान उंदीर, तिन्ही एकाच झटक्यात. केंद्र सरकार आणि टास्मानियाचं राज्य सरकार यांनी मिळून २००७ मध्ये २ कोटी ४६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले.

इथे ‘नियंत्रण’ आणि ‘निर्मूलन’ यांतला फरक समजून घ्यायला हवा. शेतात आपण उंदरांचं नियंत्रण करतो: ९० टक्के मेले तरी पीक वाचतं, पुढच्या वर्षी पुन्हा औषध. निर्मूलनात ९९.९ टक्के यश म्हणजे शून्य यश. दीड लाखातला एक नर आणि एक मादी उरली, की काही वर्षांत पुन्हा दीड लाख. त्यामुळे निर्मूलनाचं सगळं गणित शेवटच्या मूठभरांवर बेतलेलं असतं. बेटावरच्या प्रत्येक उंदराच्या फिरण्याच्या टापूत, मग तो कड्यावर राहणारा का असेना, विषाच्या गोळ्या पडल्याच पाहिजेत. लहान उंदराचा टापू तर काही मीटरचाच असतो. म्हणून हेलिकॉप्टरला टांगलेल्या बादलीतून गोळ्या पेरत, उपग्रहाच्या मदतीने शेतात तास ओढावेत तसे सरळ पट्टे मारायचे आणि प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा.

विष निवडलं ब्रोडिफॅकम. ते रक्त गोठू देत नाही. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि हीच त्याची खुबी. लगेच त्रास झाला असता तर हुशार उंदराने ती गोळी पुन्हा चाखली नसती. वेळ हिवाळ्याची, कारण तेव्हा उंदरांना दुसरं खायला कमी असतं, पिल्लं नसतात आणि बरेच पक्षीही बेटावर नसतात.

तरीही पहिला प्रयत्न फसला. २०१० च्या हिवाळ्यात जहाज उशिरा पोचलं, हवामानाने हेलिकॉप्टर उडू दिली नाहीत आणि बेटाचा दहावा हिस्साही पुरा झाला नाही. वर, विष खाऊन मेलेले ससे खाल्ल्यामुळे शेकडो पक्षी दगावले: स्कुआ, मोठे पेट्रेल, गल. काम थांबवलं गेलं.

सरकारी योजना इथे गुंडाळली गेली असती तर नवल वाटलं नसतं. त्याऐवजी प्रश्न नीट मांडला गेला. पक्षी मरतात ते मुख्यतः विषारी सशांची मढी खाऊन. म्हणजे विष टाकायच्या आधीच ससे कमी केले तर मढी कमी. म्हणून फेब्रुवारी २०११ मध्ये सशांचा दुसरा एक रोग, कॅलिसी विषाणू, सोडला. तो फक्त सशांना होतो. बहुतेक ससे विष पडण्याआधीच गेले. मग चार हेलिकॉप्टर आणि सुमारे ३०० टन गोळ्या घेऊन मे ते जुलै या काळात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, पूर्ण बेट पेरून काढलं. मागून माणसं पायी फिरून मढी गोळा करत होती. एवढं करूनही दोन्ही वर्षं मिळून दोन हजारांहून जास्त पक्षी दगावले. हा आकडा मोहिमेने लपवला नाही, आणि तो लहानही नाही.

त्यानंतर सुरू झालं शेवटच्या सशांचं काम. शिकारी आणि ससे हुंगायला शिकवलेले कुत्रे बेटावर उतरले. लॅब्राडॉर, स्पॅनियल, टेरियर. लाखो पेंग्विनांमधून चालताना त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, हे त्या कुत्र्यांना शिकवलेलं होतं. ज्याच्या घरी कुत्रा आहे आणि तो खिडकीतल्या कबुतरावर कसा तुटून पडतो हे ज्याने पाहिलंय, त्याला या शिक्षणाची किंमत कळेल. लाखभर सशांपैकी विषातून वाचलेले निघाले तेरा. शेवटचे नोव्हेंबर २०११ मध्ये सापडले.

पण हे शेवटचेच, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक? नसलेली गोष्ट नाही हे सिद्ध करायचं तर शोधतच राहावं लागतं. पुढे दोन वर्षांहून जास्त काळ माणसं बेटावरच्या लहान लहान झोपड्यांतून राहून, वाऱ्यापावसात रोज चालत राहिली. सगळ्यांचं मिळून अंतर ९२ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या घालूनही उरेल इतकं. ससा नाही, लेंडी नाही, कुरतडलेलं पान नाही. २०१३ मध्ये उंदीर हुंगणारे कुत्रे आणून पुन्हा सगळं पालथं घातलं. मग कुठे एप्रिल २०१४ मध्ये बेट मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

हे वाचताना कुणाच्याही मनात येईल: सशाचा दोष काय? त्याने तर कुणी मला तिथे न्या म्हटलं नव्हतं. खरंच आहे. अंतर्गत रक्तस्रावाने येणारं मरण काही सुखाचं नसतं, आणि ‘संवर्धन’ या गुळगुळीत शब्दाखाली ते झाकू नये असं मला वाटतं. पण काहीच न करणं म्हणजे अहिंसा, हा हिशेबही बरोबर नाही. उंदीर बिळातलं पिल्लू जिवंत कुरतडतो, आणि तेही दरवर्षी. एका मोहिमेतलं मरण आणि कायम चालू राहणारं मरण यांतली निवड होती. एक अपुरी मोहीम मात्र दोन्हीकडून वाईट: जीव जातात आणि पुन्हा जात राहतात. म्हणूनच शेवटच्या तेरांसाठी एवढा आटापिटा.

मॅक्वारीवर पुढे काय झालं? झुबकेदार गवत आणि कोबी उतारांवर परतले. किडे, कोळी वाढले. मांजरांमुळे केवळ किनाऱ्याजवळच्या सुळक्यांवर तग धरून राहिलेला निळा पेट्रेल मुख्य बेटावर बिळं करू लागला. पण सगळ्यांचंच भलं झालं असंही नाही. स्कुआंची संख्या घटली, कारण कित्येक पिढ्या त्यांनी सशांवर संसार केला होता. स्कुआ मूळचा तिथलाच. ससे येण्यापूर्वी तो जितका होता तितका होईल, असं म्हणायचं.

मॅरियन बेटाची कथा अजून अर्ध्यावर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या या बेटावर हवामान केंद्रातले उंदीर आवरायला १९४८-४९ च्या सुमारास पाच मांजरं नेली. त्यांची साडेतीन हजारांच्या आसपास झाली. १९९१ पर्यंत मांजरं संपवली, उंदीर तसेच ठेवून. तिथले उंदीर लहान, आपल्या घरातले असतात तसेच. पण हवामान उबदार होत गेलं, ते वाढले, त्यांनी किडे आणि बिया संपवल्या आणि २००३ च्या सुमारापासून ते रात्री घरट्यात बसलेल्या अल्बाट्रॉसच्या पिल्लांना खाताना दिसू लागले. २०२३ मध्ये तर पूर्ण वाढ झालेल्या भटक्या अल्बाट्रॉसचाही घास घेतला गेला. तीन-साडेतीन मीटर पंखांचा पक्षी, आणि बोटाएवढा उंदीर त्याची मान कुरतडतोय. पक्षी उठून जात नाही, कारण घरटं सोडायचं नसतं एवढंच त्याला माहीत. तिथेही आता हेलिकॉप्टरने गोळ्या पेरायची तयारी चालू आहे. यश गृहीत नाही: दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर २०२१ मध्ये हेच केलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक उंदीर कॅमेऱ्यात दिसला.

साउथ जॉर्जियाला निसर्गाने मात्र एक सवलत दिली होती. ते मॅक्वारीच्या पंचवीसएक पट मोठं, एका हंगामात पेरून होणं अशक्य. पण समुद्रापर्यंत उतरलेल्या हिमनद्यांनी बेटाचे वेगळे कप्पे पाडले होते आणि उंदीर हिमनदी ओलांडत नाही. म्हणून २०११ ते २०१५ मध्ये कप्प्याकप्प्याने काम करता आलं. घाई होती ती यासाठी की हिमनद्या मागे हटत होत्या. थोडा उशीर झाला असता तर कप्प्यांच्या भिंतीच राहिल्या नसत्या. २०१८ मध्ये ते बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

हवामानबदलाला विष घालता येत नाही. मॅक्वारीच्या पठारावर उशीसारखी वाढणारी अझोरेला वनस्पती २००८ पासून मोठ्या प्रमाणात वाळू लागली. वाढलेला वारा आणि कोरडे पडत चाललेले उन्हाळे यांनी ती कमजोर झाली आणि रोगाला बळी पडली, असं दिसतं. २०२३ मध्ये बर्ड फ्लू साउथ जॉर्जियाला पोचला, तोही स्कुआंमध्ये पहिल्यांदा दिसला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने मॅक्वारीभोवतीचं सागरी उद्यान तिप्पट करून पावणेपाच लाख चौरस किलोमीटरपर्यंत नेलं. महाराष्ट्राच्या दीडपट म्हणा. पण पाण्यावर आखलेली रेघ पक्ष्यांना आणि विषाणूंना दिसत नाही.

जे माणसाच्या हातात आहे ते टास्मानियातल्या होबार्ट बंदराच्या धक्क्यावर चालतं. मॅक्वारीला जाणाऱ्या प्रत्येकाचे बूट घासून धुतले जातात, पिशव्यांचे कोपरे आणि जॅकेटच्या वेल्क्रोच्या पट्ट्या चिमट्याने साफ केल्या जातात, कारण गवताचं एक बीही तिथे नको असतं. सामानाच्या खोक्यांमधून कुत्रे फिरवले जातात. खोक्यात सहसा काही नसतं. एखादी गाभण उंदरीण असू शकते, म्हणून कुत्रा प्रत्येक खोका हुंगतो आणि पुढच्याकडे जातो.